दोन फेर्मिनचे बटाटे

“सोलायचे नाहीत,” दोन फेर्मिन म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली. “सालीसकट ठेव. साल गेली की बटाटा रस्सा पीत बसतो आणि मऊ पडतो. आपल्याला नुसता सालीला माखायचाय.”

समोर लिंबाएवढ्या बटाट्यांचा ढीग होता. सोळा किलो. त्यांच्याकडे मेक्सिकोत असे बटाटे सालीसकट उकडतात आणि सुक्या मिरच्यांच्या झणझणीत लाल रश्शात घोळवून परततात. बाप्तिस्म्याचं जेवण होतं, एकशेदहा पानं, दुपारी एक वाजता. रविवार होता आणि सकाळचे साडेदहा वाजले होते.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरातलं ते मोठं हॉटेल. हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून मी तिथे वर्षभराच्या प्रशिक्षणाला गेलो होतो, त्याचा हा चौथा महिना. वय तेवीस. मूळचा मी वाईचा. निघताना आमच्या मंडळाने चौकात माझा फोटो असलेला भलामोठा फ्लेक्स लावला होता. ‘चि. विश्वजित शेडगे यांची साता समुद्रापार झेप’ असं त्यावर लिहिलेलं होतं, आणि खाली झेप घेणारा गरुड. आई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. ती रोज जाता-येता तो फ्लेक्स बघायची.

दोन फेर्मिन हे त्या किचनमधले सगळ्यात जुने आचारी. पहिल्या दिवशी सगळे “दोन फेर्मिन, दोन फेर्मिन” करत होते, तेव्हा मला वाटलं या नावाची दोन माणसं आहेत. दिवसभर मी दुसऱ्याला शोधत होतो. शेवटी कळलं की ‘दोन’ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘राव’ किंवा ‘पंत’, वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी लावतात. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यानंतर ते मला “मिहो” म्हणायला लागले. मिहो म्हणजे पोरा.

मेक्सिकोतल्या साकातेकास प्रांतातून ते तरुणपणी आले होते. वय अठ्ठावन्न, उंची माझ्या खांद्याएवढी, मिशा पांढऱ्या. या किचनमध्ये एकोणीस वर्षं. सोमवारी आम्हा दोघांनाही सुट्टी असायची. दर सोमवारी ते मला गाडीत घालून घरी जेवायला न्यायचे. “परक्या देशात सुट्टीच्या दिवशी एकटं जेवू नये,” म्हणायचे. घरी त्यांची मोठी मुलगी रोसारियो, तिचा नवरा आणि धाकटी मुलगी लूपे. बायको वारली होती. स्वयंपाक दोन फेर्मिन स्वतः करायचे आणि मुलींना चुलीजवळ फिरकू द्यायचे नाहीत.

हे बटाटे मी पहिल्यांदा त्यांच्याच घरी खाल्ले होते. खाताना नाकातून पाणी आलं आणि आईची आठवण झाली. त्यांच्या मिरच्याही आपल्यासारख्याच निघाल्या. ग्वाहियो म्हणून एक मिरची असते, ती आपल्या ब्याडगीची बहीण: रंग देणार, तिखट कमी. दुसरी आर्बोल, ती आपली लवंगी. दोन्ही मिळून सॉस करायचा.

“मिरच्या तू भाज,” त्या रविवारी ते म्हणाले. त्यांनी मला आधी कधीच मिरच्या भाजू दिल्या नव्हत्या. “तवा गरम, मिरची टाकायची, दाबायची, उलटायची, उचलायची. वास सुटला की उचलायची. रंग बदलायची वाट बघितलीस की गेली. जळकी मिरची एक जरी पडली तरी अख्खा सॉस कडू होतो. मग लसूण, टोमॅटो घालून वाट. मी खाली मालाची गाडी आलीय ती बघून येतो.”

“हो, दोन फेर्मिन.”

“आणि फळा वाचलास ना?”

फळा मी वाचला होता. किचनच्या दारासमोरच पांढरा फळा होता आणि त्यावर किचनच्या प्रमुख शेफ ग्वेननी लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘बाप्तिस्मा, एकशेदहा. शेंगदाणे कशातच नाहीत. एका पाहुणीला जिवावर बेतू शकतं.’ यामुळेच दोन फेर्मिननी आदल्या दिवशी मोठा ग्राइंडर दोनदा धुतला होता. शनिवारी त्यात दुसऱ्या एका जेवणासाठी त्यांनी शेंगदाणे वाटले होते. काम झाल्यावर त्यांनी पातं काढलं, रबराची कडी काढली, कढत पाण्याने सगळं घासलं, पुसलं आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून घासलं. मग भांडं माझ्या नाकाशी धरलं. “वास घे,” म्हणाले. “काही येतो?” साबणाशिवाय कसलाच वास येत नव्हता.

ते खाली गेले. मी तव्यावर मिरच्या टाकल्या. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आईचा होता. वाईत रात्रीचे दहा वाजून गेले असणार. किचनमध्ये फोन घ्यायची बंदी होती, पण शेफ ग्वेन हॉलमध्ये होत्या आणि आई एरवी इतक्या उशिरा करायची नाही. मी कोल्डरूमच्या दाराआड गेलो. काही विशेष नव्हतं. दादाचं लग्न ठरलं होतं, मुलगी भुईंजची, ते तिला लगेच सांगायचं होतं. मी दोनच मिनिटं बोललो असेन.

परत आलो तर तव्यावर धूर. मिरच्यांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. मी भराभर उचलल्या, खूप काळ्या होत्या त्या फेकल्या, पण फेकून फेकून किती फेकणार? ग्वाहियोची पिशवी संपली होती. स्टोअरमधून दुसरी मागवायची तर कारण लिहून द्यावं लागणार होतं. मी त्याच भिजवल्या, वाटल्या, तेलात परतल्या. चमच्याने चाखलं. कडू! जिभेच्या मागच्या बाजूला बसणारा, पाणी प्यायलं तरी न जाणारा कडूपणा.

मी थोडा गूळ घातला. तिकडे त्याला पिलोनसियो म्हणतात. तिखट आणि गोड झालं, पण कडूपणा काही हटेना. घड्याळात सव्वाअकरा.

आमच्या घरी भाजी तिखट झाली, खारट झाली, कशीही बिघडली तरी आई एकच करायची. दाण्याचं कूट घालायची. कूट सगळं पोटात घेतं. माझ्या लॉकरमध्ये कुटाची बरणी होती. स्टाफच्या जेवणात मी माझ्या ताटात ते घालून खायचो. ते मी घेऊन आलो आणि दहा-बारा लिटर सॉसमध्ये तीन मुठी घातलं.

फळा तिथेच होता. मी त्याच्याकडे पाठ करून उभा होतो.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पहिल्याच आठवड्यात आम्हाला दोन तास त्याचं शिक्षण दिलं होतं आणि मी कागदावर सही केली होती. पण शेंगदाण्याने माणूस मरू शकतो हे मला अमेरिकेत गेल्यावर कळलं आणि कळूनही पटलं नव्हतं. उपासाला, भाजीला, कोशिंबिरीला, चटणीला, जिथे तिथे कूट खाऊन वाढलेला मी. एवढ्या सॉसमध्ये तीन मुठी, त्यातलं तिच्या ताटात येणार किती? डोक्यात इतकंच होतं की दोन फेर्मिननी पहिल्यांदा मिरच्या भाजायला दिल्या आणि मी त्या जाळल्या, हे त्यांना कळू नये.

ते वर आले, चमचा बुडवला, चाखलं.

“आज गोडसर लागतोय.”

“थोडा पिलोनसियो घातला,” मी म्हणालो. “जास्त झाला का?”

त्यांनी पुन्हा चाखलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली. “चालेल. ख्रिस्ती करताहेत पोराला, गोड असू दे.”

बटाटे सॉसमध्ये पडले. सालीला लाल रंग चढला. एक वाजता पानं वाढली गेली.

पंचवीस मिनिटांनी हॉलमधून किंकाळी ऐकू आली. मी दारातून बघितलं. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी खुर्चीवरून खाली घसरली होती, पिवळा फ्रॉक घातलेली. ओठ सुजून मोठे झाले होते आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. तिची आई पर्समध्ये काहीतरी शोधत होती, शेवटी तिने ती जमिनीवर उलटी केली. अशा वेळेसाठी जवळ बाळगलेलं इंजेक्शन तिला सापडलं. तिने ते मुलीच्या मांडीत खुपसलं. मग ॲम्ब्युलन्स आली.

मुलगी वाचली. दोन दिवस हॉस्पिटलात राहिली आणि घरी गेली. हे आम्हाला मंगळवारी कळलं. पण रविवारची दुपार आणि सोमवार, हे दोन दिवस मला ते माहीत नव्हतं. त्या सोमवारी दोन फेर्मिनचा फोन आला, “येतोस ना जेवायला?” पोट बिघडलंय असं मी सांगितलं. ते संध्याकाळी डब्यात सूप घेऊन माझ्या खोलीवर आले. दारातच उभे राहिले. “मी चर्चमध्ये त्या पोरीसाठी मेणबत्ती लावली,” म्हणाले. “तूही तुझ्या देवाला सांग.”

प्रत्येक जेवणातल्या प्रत्येक पदार्थाचा नमुना हॉटेल फ्रिजमध्ये जपून ठेवत असे. तो तपासायला गेला होता. बुधवारी सकाळी शेफ ग्वेननी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. ग्वेन पन्नाशीच्या, कडक पण सरळ बाई. ओरडायच्या नाहीत. त्या दिवशीही ओरडल्या नाहीत.

“बटाट्यांच्या सॉसमध्ये शेंगदाणे निघालेत,” त्या म्हणाल्या. “फेर्मिन, सॉस कुणी केला?”

“मी,” दोन फेर्मिन म्हणाले. “मिरच्या भाजायला हा होता. पण पदार्थ माझा. सॉस माझा.”

“शेंगदाणे आले कुठून?”

दोन फेर्मिननी टोपी काढून हातात घेतली होती. तिची कड ते बोटांनी चाचपत होते. “शनिवारी मी शेंगदाणे वाटले होते. त्याच ग्राइंडरमध्ये. पण धुतला ना तो.” ते थांबले. “धुतला. नेहमी धुतो तसा.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे... एकोणीस वर्षं धुतोय. शनिवारी...” त्यांनी डोळे मिटले. आठवून बघत होते. रोज केलेलं काम नेमकं त्या दिवशीचं आठवणं किती अवघड असतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळले. चेहरा खुलला. “मिहो, तू होतास की! तू माझ्याजवळच उभा होतास. मी धुतला होता ना?”

ग्वेन माझ्याकडे बघायला लागल्या.

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न उघड होता. ग्राइंडर धुतलेला होता, तर शेंगदाणे आले कुठून? सॉस करताना तिथे दुसरं कोण होतं? मग लॉकर, बरणी. पहिल्या विमानाने घरी. चौकात फ्लेक्स अजून होता.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

माझ्यावर दोन फेर्मिनना संशय आला असता, त्यांनी नुसतं रोखून पाहिलं असतं, तरी मी कदाचित बोललो असतो. तसं काही झालं नाही. ते घाबरले. माझ्याकडे बघता बघता त्यांची नजर कुठेतरी आतच गेली.

“याला आठवत नाही,” ते ग्वेनना म्हणाले. “याची स्मरणशक्ती चांगली आहे. शंभर ऑर्डरी तोंडपाठ ठेवतो.” त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. “चव घेतली तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. गोड लागलं होतं. मी म्हणालोसुद्धा.” आणि मग अगदी हळू आवाजात, “माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. साठीच्या आत. दूध उतू जायचं, आणि ती म्हणायची मी ठेवलंच नव्हतं.”

“फेर्मिन,” ग्वेन म्हणाल्या. “तू धुतला होतास की नाही?”

“मग नसेन धुतला,” दोन फेर्मिन म्हणाले.

ग्वेननी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांचेही डोळे भरले होते. दोन फेर्मिननी खाली सही केली.

शुक्रवारी त्यांना काढलं. दुसरं काही करणं हॉटेलला शक्यच नव्हतं. ते लॉकर रिकामं करत होते तेव्हा मी तिथे गेलो. जायचं नव्हतं, पण माझी पाळी सुरू होत होती आणि कपडे त्याच खोलीत बदलावे लागायचे. त्यांनी सुऱ्या कापडात गुंडाळल्या, पिशवीत टाकल्या आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“माझ्यामुळे तुलाही तिथे ऑफिसात उभं राहावं लागलं,” म्हणाले. “माफ कर, मिहो.”

मी काय म्हणालो? “असू द्या,” म्हणालो. खरंच, हेच शब्द माझ्या तोंडून गेले.

त्यांची जागा मला मिळाली. उरलेले आठ महिने मी ते बटाटे केले. मिरच्या एकदाही जाळल्या नाहीत. ग्वेननी जाताना मला पत्र दिलं, त्यात लिहिलं होतं की माझ्या हातात दोन फेर्मिनचा हात उतरला आहे. त्या पत्रावर मला पुण्यात नोकरी लागली आणि पुढे हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकवायला लागलो. सोमवारी त्यांच्या घरी मी पुन्हा गेलो नाही. दोन-तीनदा त्यांचा फोन आला, मी उचलला नाही. मग येईनासा झाला. मी स्वतःला सांगत राहिलो की असा आचारी जिथे उभा राहील तिथे त्याला काम मिळेल. वर्षभरात माझं त्यावर समाधानही झालं.

अकरा वर्षांनी चुलतभावाच्या घराच्या वास्तुशांतीला मी ह्यूस्टनला गेलो. तिथून सॅन अँटोनिओ बसने साडेतीन तासांवर. जाऊन शहर बघून येतो असं घरच्यांना सांगितलं आणि साताऱ्याहून नेलेले कंदी पेढे बरोबर घेतले. माफी मागायला गेलो होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी नुसता बघायला गेलो होतो. ते चांगले आहेत, कुठेतरी काम करून निवृत्त झालेत, नातवंडांत रमलेत, एवढं बघायचं होतं आणि हलकं होऊन परत यायचं होतं.

घर तेच होतं. दार रोसारियोने उघडलं. तिचे केस पांढरे झाले होते. तिने मला लगेच ओळखलं, गळामिठी घातली, आणि मग दारातच आवाज खाली आणून म्हणाली, “बाबा आता विसरतात. तुला ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस.”

“कधीपासून?”

“तू होतास तेव्हाच सुरू झालं ना. हॉटेलात ते झालं तेव्हापासून.”

स्वयंपाकघरातूनच आत जायची वाट होती. गॅसच्या शेगडीची बटणं काढून ठेवलेली होती. चार बोडक्या लोखंडी काड्या पुढे आलेल्या दिसत होत्या. रोसारियोने माझी नजर पाहिली. “त्यांनीच काढायला लावली,” म्हणाली. “मी कामावर जाताना पर्समधून घेऊन जाते.”

दोन फेर्मिन खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते. खूप बारीक झाले होते. त्यांनी मान वळवली, डोळे बारीक केले.

“बिस्वा,” म्हणाले. विश्वजित त्यांना कधीच म्हणता आलं नव्हतं. “वाईचा बिस्वा. नदी आहे, घाट आहे. आई शाळेत पोरांना जेवू घालते. भावाचं लग्न झालं का? मुलगी जवळच्याच गावची होती.”

भावाचं लग्न ठरल्याचं मी त्यांना कधी सांगितलं तेही मला आठवेना. त्याच रविवारी, बटाटे परतताना बोललो असणार.

“बघ,” रोसारियो कौतुकाने म्हणाली. “जुनं सगळं आठवतं. ताजं विसरतात.”

ती कॉफी करायला गेली. पर्समधून बटण काढून लावल्याचा आवाज आला. मी पेढे पुढे केले. त्यांनी एक घेतला, चाखला, दूध किती आटवलंय ते बरोबर सांगितलं. मग मी विचारलं, “काय विसरता तुम्ही, दोन फेर्मिन?”

“अजून तसं सापडलं नाही,” ते म्हणाले. “डॉक्टरने तीनदा तपासलं, काही निघालं नाही. पण डॉक्टरला काय कळतं? मला माहीत आहे. अबीगेल.”

“कोण?”

“ती पोरगी. पिवळा फ्रॉक. आता चोवीस वर्षांची असेल.” माझ्याकडे बघत होते. “तुला नाव आठवत नाही? मी रोज घेतो. जो माणूस ग्राइंडर धुवायला विसरतो आणि वर धुतला म्हणून शपथ घ्यायला तयार असतो, तो गॅस बंद करायला विसरणार नाही कशावरून? पहिल्याच वर्षी मी रोसारियोला म्हणालो, ही बटणं काढ. गाडीच्या किल्ल्या घे. नातू झाला तेव्हा म्हणालो, याच्याजवळ मला एकट्याला ठेवू नका. मोठा होईपर्यंत मी त्याला उचलला नाही. पायरीवरून उतरताना विसरलो असतो तर, की माझ्या हातात मूल आहे?”

हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. घरातली व्यवस्था सांगावी तसं सांगितलं.

मला उठून जायचं होतं. पाय दाराकडे वळलेसुद्धा होते.

“तुम्ही धुतला होता,” मी म्हणालो.

“काय?”

“ग्राइंडर. तुम्ही धुतला होता. पातं काढून, कडी काढून, कढत पाण्याने. दोनदा. मला वास घ्यायला लावला होता.”

त्यांनी पेढ्याचा उरलेला तुकडा खुर्चीच्या हातावर ठेवला.

मी बाकीचं सांगितलं. आईचा फोन, जळलेल्या मिरच्या, कडू सॉस, लॉकरमधली बरणी, तीन मुठी. ऑफिसात मला सगळं आठवत होतं. हे सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. सांगून झाल्यावर बघितलं. ते माझ्याकडे पाहतही नव्हते. त्यांचे हात मांडीवर होते, आणि ते त्या हातांकडे बघत होते, आधी उताणे करून, मग पालथे करून.

“रोसारियो!” ते एकदम ओरडले. किचनमध्ये दहा बर्नर चालू असताना शेवटच्या टोकाला ऐकू जाईल असा तो आवाज होता. घरात तो अकरा वर्षांत कुणी ऐकला नसावा, कारण ती हातात कप घेऊन धावतच आली.

“सांग,” ते मला म्हणाले. “पुन्हा सगळं सांग. हिला सांग.”

मी पुन्हा सांगितलं. उभं राहून. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण होतं. रोसारियोच्या हातातली कॉफी बशीत सांडत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. माझं संपल्यावर तिने वडिलांकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे.

“आमचा पत्ता तुझ्याकडे होता ना?” तिने विचारलं.

“होता.”

“फोन?”

“तोही होता.”

तिने कप टेबलावर ठेवला, वडिलांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. ती रडत होती, पण आवाज न करता. दोन फेर्मिन रडत नव्हते. ते ताठ बसले होते.

“हिचा नवरा पाचला येतो,” ते मला म्हणाले. मिहो म्हणाले नाहीत, बिस्वाही म्हणाले नाहीत. “लूपे सहाला येईल. नातू आत्ता शाळेतून येईल. त्या सगळ्यांना सांगायचंय. माझ्या तोंडून त्यांना ते खरं वाटणार नाही. थांबशील?”

माझी परतीची बस चारची होती.

“थांबतो,” मी म्हणालो.

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मी भिंतीपाशी उभा राहिलो.